कानाला पोचलेला हात

आमच्या ऑफिसात एक जूनला केक येतो. एकच येतो, पण मोठा. त्यावर नाव घालत नाहीत, कारण एवढी नावं त्यावर मावणार नाहीत. साहेबांपासून शिपायापर्यंत नऊ जणांचा वाढदिवस त्याच दिवशी असतो, आणि पुण्यामुंबईकडचा कुणी नवा अधिकारी बदलून आला की पहिल्या वर्षी त्याला हा प्रकार समजावून सांगावा लागतो. आमच्या परभणी जिल्ह्यात माझ्या वयाची निम्मी माणसं कागदावर एक जूनलाच जन्मली. आईबापाला पोराची तारीख माहीत नसायची, शाळा जूनमध्ये भरायची, गुरुजी एक जून टाकून मोकळे व्हायचे. सगळे हसतात. मीही हसते, सुरी पुसून साहेबांच्या हातात देते आणि कोपऱ्यातल्या कम्प्युटरवर बसलेल्या माझ्या मैत्रिणीकडे बघायचं टाळते. तिचा वाढदिवसही कागदावर त्याच दिवशी असतो. तिची ती तारीख माझ्या वडिलांनी लिहिली आहे.

बाबा येलदरीच्या धरणाकडच्या एका लहान गावात गुरुजी होते. शाळा दोन गुरुजींची. बाबा तेव्हा कायम झालेले नव्हते. पट कमी भरला असता तर दुसरी जागा गेली असती, आणि दुसरी जागा म्हणजे बाबाच. म्हणून जून लागला की ते घरोघर फिरून पोरं गोळा करायचे. वय ठरवायची त्यांची रीत त्या काळच्या सगळ्याच गुरुजींची होती. पोराला उभं करायचं, उजवा हात डोक्यावरून पलीकडे न्यायला सांगायचा आणि डावा कान धरायला लावायचा. बोटं कानाला पोचली की सहा वर्षं पूर्ण. मग दाखल-खारीज रजिस्टरात नाव चढायचं, आणि नावापुढे सहा वर्षं मागची एक जून.

मला तो दिवस आठवतो. शाळेच्या पडवीत पोरांची रांग लागली होती आणि बाबा मांडीवर रजिस्टर घेऊन खुर्चीत बसले होते. मला सहावं लागलेलं. मी जिंतूरच्या दवाखान्यात जन्मले आणि तिथली चिठ्ठी बाबांच्या ट्रंकेत जपून ठेवलेली, त्यामुळे माझी तारीख खरीच पडणार होती. कान धरायची मला गरज नव्हती. पण सगळी पोरं करतात ते मलाही करायचं होतं. मी हात डोक्यावरून नेला, मान वाकडी केली, खांदा उचलला, तरी बोटं कानापासून लांबच राहिली. माझ्यामागे आमच्याच गल्लीतली, मेंढरं राखणाऱ्या घरातली एक पोर उभी होती. ती माझ्याहून लहान होती हे अख्ख्या गल्लीला माहीत होतं. तिनं हात नेला आणि कान नुसता धरला नाही, धरून ओढून दाखवला. तिचे हात जन्मापासूनच लांब. बाबा हसले, "भरली ही," म्हणाले आणि त्यांनी लिहिलं. मी रडले. तिची आई तोंडाला पदर लावून कौतुकानं बघत होती. त्या दिवसापासून ती कागदावर माझ्याहून मोठी झाली, आणि बाबांची जागा वाचली.

पुढे ती मला प्रत्येक बाबतीत भारीच पडली. गणितात, धावण्यात, पोहण्यात. मला तिचा राग यायचा आणि तिच्याशिवाय करमायचंही नाही. आम्ही एकाच एसटीनं जिंतूरला कॉलेजला गेलो, दोघींची लग्नं झाली, माझं मोडलं, तिचं टिकलं. तिचा नवरा मेंढरं घेऊन वर्षातले सहा महिने चारठाण्याच्या बाजूला नाहीतर त्याच्याही पुढे असायचा. संभाजीनगरच्या एका कंपनीत तिनंच मला लावून दिलं. ती पॅकिंगला लाईन सांभाळायची, मी स्टोअरला होते. चांगली बारा-तेरा वर्षं गेली तिथे. मग आजाराची साथ आली, तिच्यापाठोपाठ मंदी आली. आधी एक पाळी बंद झाली, मग आठवड्यातले दोन दिवस, आणि एका सकाळी गेटवर यादी लागली. माणसं यादीत वरून खाली बोट फिरवत होती. तिनं दोघींची नावं शोधली आणि मला म्हणाली, "चल, बस मिळंल अजून."

परभणीला आम्ही दोघींनी मिळून एक खोली घेतली आणि अभ्यासिकेत नाव घातलं. चाळिशी ओलांडलेल्या दोन बायका स्पर्धा परीक्षेची पुस्तकं घेऊन बसलेल्या बघून तिथल्या पोरी आधी दबकून हसल्या, मग काकू म्हणायला लागल्या. सरकारी भरती वर्षानुवर्षं बंद होती. अभ्यास करायचा तो कशासाठी हेच कळत नव्हतं, तरी रोज सकाळी जायचं, आपल्या खुर्चीवर पिशवी ठेवायची आणि आकडेमोड करत बसायचं. तिची पोरगी बारावीला होती आणि तिला पुढे शिकवायचं एवढंच तिच्या डोक्यात होतं.

हळूहळू पेपरात बरं छापून यायला लागलं. कंपन्यांचे फोन सुरू झाले. कंपनीचे नव्हेत, ठेकेदाराचे. सात-आठ महिन्यांसाठी या, पुढचं पुढे बघू. अभ्यासिकेतली चार-पाच जणं गेली. तिलाही दोनदा फोन आला. "मला परत गेटवर यादी वाचायची न्हाई," ती म्हणाली. "बसंन तर कायमच्या खुर्चीवर बसंन." आणि खरोखरच एका आठवड्यात जाहिरात आली. लिपिकाच्या जागा निघाल्या, आमच्याच जिल्ह्यात. अभ्यासिकेत त्या दिवशी कुणी वाचलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही फॉर्म भरायला केंद्रावर गेलो. माझा आधी भरला. मग तिचा. केंद्रवाल्यानं तिची तारीख टाकली आणि पडद्यावर लाल अक्षरं आली. त्यानं पुन्हा टाकली. पुन्हा तेच. आम्हा दोघींना असलेली मागासवर्गाची सवलत धरून, साथीमुळे वाढवून दिलेली वयाची मुदतही धरून ती बावीस दिवसांनी बाहेर गेली होती. "मॅडम, तुमचं वय निघून गेलंय," तो म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता, त्यानं तिच्याकडून फॉर्मचं काही घेतलं नाही. ती पडद्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "अगं, मी तर तुझ्याहून लहान हाय की."

तिनं हार मानली नाही. कोर्टाजवळ बसणाऱ्या एका म्हाताऱ्या वकिलाला गाठलं. वकील म्हणाला, शाळा सुटल्यावर तारीख बदलणं फार अवघड, खोटी आशा देत नाही. पण ज्यांनी नोंद केली ते गुरुजी हयात असतील आणि नोंद अंदाजानं केली, मूल खरं तर अमुक दिवसाचं आहे, असं शपथेवर लिहून देत असतील तर निदान अर्ज करता येईल. कदाचित परीक्षेला बसायची परवानगी मिळेल. फॉर्मची मुदत संपायला बारा दिवस होते.

"तू गुरुजींना विचार," ती मला म्हणाली.

"तूच ये की माझ्याबरोबर."

"नको बाई. गुरुजींच्या तोंडावर तुमी चुकीचं लिव्हलं असं मी कशी म्हनू? त्यांच्यामुळं तर शिकले. तू घरची हायस, तू विचार."

त्या रविवारी मी जिंतूरची बस धरली. झरी गाव मागे पडेपर्यंत मी मनातल्या मनात वाक्य जुळवत होते. बाबा, तिची तारीख तुम्ही अंदाजानं टाकली ना. एवढंच तर विचारायचं होतं. घरी पोचले तेव्हा बाबांनी धरणावरून माझ्यासाठी मासे आणवले होते. भरती निघाल्याचं त्यांनी साऱ्या गावाला सांगितलं होतं. मला समोर बसवून काटे काढून द्यायला लागले, जशी मी अजून पहिलीतच आहे. "तू होणार बघ," ते म्हणाले. "आपल्या घरात दुसरी सरकारी नोकरी."

मी विचारलं नाही.

त्या दुपारचं कारण मी स्वतःला बऱ्याच प्रकारे सांगितलं आहे. बाबा पेन्शनर माणूस, शपथेवर खोटी नोंद कबूल केली तर चौकशी लागेल, पेन्शन अडकेल, ही भीती होती आणि ती खोटी नव्हती. पण तिच्याखाली दुसरी होती. जागा थोड्या होत्या. ती बसली असती तर माझ्यापुढे गेली असती, कायम जात आली तशी. हे मला तेव्हाच, मासा तोंडात असताना, स्पष्ट माहीत होतं. मला अजून त्या घासाची लाज वाटते.

परभणीला परतले तेव्हा ती बसस्टँडवरच येऊन थांबली होती. मी म्हणाले, "त्यांना काहीच आठवत नाही गं. एवढ्या पोरांचं लिहिलं म्हणतात, कुणाचं काय ध्यानात राहणार."

ती माझ्या हातातली पिशवी स्वतःकडे घेत म्हणाली, "असंल. वय झालं त्यांचं बी. तू नको मनाला लावून घिऊ."

त्यानंतर जे झालं ते मला सगळ्यात जड जातं. ती अभ्यासिकेत येतच राहिली. माझ्यासाठी. मला गणित येत नव्हतं, तिला येत होतं. परीक्षेपर्यंतचे अडीच महिने तिनं माझ्याकडून रोज पन्नास गणितं करून घेतली, चुकले की डोक्यावर पेन्सिल मारली. "माझी बी तूच दे परीक्षा," म्हणायची. यादी लागली तेव्हा माझं नाव सगळ्यात शेवटी होतं. माझ्यापुढे आणखी एक माणूस असता तर मी बाहेर. तो एक माणूस, म्हणजे तीच, पेढे घेऊन खोलीवर आला आणि माझ्या आधी त्यानंच माझ्या बाबांना फोन लावला.

नोकरी लागल्यावर पहिल्या वर्षी आमच्याकडे टायपिंगला माणूस कमी पडलं. जागा भरायची परवानगी नव्हती, पण ठेकेदारामार्फत माणूस घ्यायची होती. असं अलीकडे सगळीकडेच चालतं. खुर्ची सरकारी आणि तिच्यावर बसलेलं माणूस अकरा महिन्यांचं. ठेकेदारानं पाठवलेली बाई दारातून आत आली तर ती हीच. मला बघून इतकी हसली की साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. तेव्हापासून ती कोपऱ्यातल्या कम्प्युटरवर बसते. माझी पत्रं तीच टाइप करते. तिची महिन्याची हजेरी मी तयार करून साहेबांच्या सहीला ठेवते. अकरा महिने भरत आले की ती येताजाता नोटीस बोर्डाकडे बघते. चारचौघांत ती मला मॅडम म्हणते. दोघीच असलो की तू, आणि कधीकधी लहानपणीची ती एक शिवी, जी इथे लिहिता येत नाही.

माझ्या टेबलावरून लोकांचे दाखले जातात. एक जून, एक जून, एक जून. मला ते अक्षर बाबांचंच वाटतं, दाखला पाथरीचा असो की गंगाखेडचा. एकदा घरी आरशासमोर उभं राहून मी हात डोक्यावरून नेला. आता तो कानाला सहज पोचतो. मी कान सोडला आणि पुढे बराच वेळ काही काम सुचलं नाही.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी बाबा हयातीचा दाखला द्यायला परभणीला आले आणि बँकेतून ऑफिसात आले. ती उठली, त्यांच्या पाया पडली, धावत जाऊन चहा सांगून आली. बाबांनी तिच्या खांद्यावर थोपटलं.  संध्याकाळी माझ्या घरी पलंगावर बसून पाय चोळत ते म्हणाले, "तिनं का भरला नाही फॉर्म? तुझ्याहून हुशार पोरगी."

"वय निघून गेलं होतं तिचं."

"तिचं कसं निघंल? तुझं निघालं न्हाई अन् तिचं कसं? आठ महिन्यांनी लहान हाय ती तुझ्यापेक्षा."

मी म्हणाले, "तुम्हाला आठवतं?"

"न आठवायला काय झालं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला झाली ती. तू तेव्हा नुकती रांगायला लागली होतीस अन् अंगावर कांजण्या उठल्या होत्या. तुझी आई बाळंतिणीला बघायला निघाली होती, मीच अडवलं, म्हणलं बारक्या लेकराला लागण व्हईल. पोळ्याचा निवद मीच दारातून दिला." ते पुन्हा पाय चोळायला लागले. "पटासाठी वर्ष-सव्वा वर्ष वाढवलं मी तिचं. हात लय लांब होता तिचा, कुणाला शंका आली नसती. पण मला विचारलं असतं तर लिहून दिलं असतं की. तुझा दाखला हाय, दवाखान्याची चिठ्ठी हाय, त्यावरून मोजून दाखवता आलं असतं. पेन्शन काय, राहिली असती नाहीतर गेली असती." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तिनं विचारलं न्हाई का कुणाला?"

"नाही," मी म्हणाले.

दोनदा खोटं बोलले मी, एकदा तिच्याशी आणि एकदा त्यांच्याशी, आणि दुसऱ्यानं पहिलं कायमचं बंद केलं. बाबा तेव्हापासून खचले. सगळं स्वतःच्या अंगावर घेऊन बसलेत. मी गावाकडे गेले की एकदा तरी म्हणतात, माझ्या हातून त्या पोरीचं नुकसान झालं. मी ऐकून घेते आणि त्यांच्या ताटात भाकरी वाढते. वकिलाचा कागद तसाही चालला नसता, असं सगळे म्हणतात. सगळे म्हणजे मीच. दुसऱ्या कुणाला मी हे कधी सांगितलेलं नाही.

पण आता मला तिचा खरा दिवस माहीत आहे. तिला माहीत नाही, तिच्या आईला कधीच सांगता आला नाही, आता आईही नाही. म्हणून दरवर्षी पोळ्याच्या करीला मी ऑफिसात पुरणपोळ्या नेते. आदल्या दिवशी पोळा झालेला असतो, उरल्या म्हणून आणल्या म्हटलं की कुणाला काही वाटत नाही. खरं म्हणजे उरलेल्या नसतात. मी त्या सकाळी पाचला उठून पुरण घालते. पहिली पोळी तिच्या पानावर जाते आणि मी मनात तिचं वय मोजते, खरं वय, बाबांनी न लिहिलेलं.

गेल्या वर्षी करीच्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेले होते. खोलीत आम्ही दोघीच. मी डबा उघडला, तिनं आपल्या जागेवरूनच लांब हात करून तो ओढून घेतला.

"दर साली तुझ्या पोळ्या उरत्यात कशा गं?" ती म्हणाली. "अन् उरलेल्या असून ताज्या कशा लागायल्यात?"

"गरम करून आणते."

ती हसली, तुपाचं बोट चाटलं. तिची पोरगी आता पुण्याला नर्सिंगला आहे, तिचं काही सांगितलं. मग सहज म्हणाली, "गुरुजी कसे हायत? आता तर काहीच आठवत नसंल त्यांना."

नाही आठवत, एवढं म्हटलं असतं तर संपलं असतं. म्हाताऱ्या माणसाबद्दल कुणालाही खरं वाटलं असतं. पण तिच्या तोंडात तो घास होता आणि तो दिवस तिचा होता.

"सगळं आठवतं त्यांना," मी म्हणाले.

"पयल्यापासूनचं?"

"पहिल्यापासूनचं."

तिचं चावणं थांबलं. तिनं हातातल्या पोळीकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे, जिथे कालच्या चौकोनात बैलजोडी काढलेली होती. मी तिच्या बोलण्याची वाट बघत राहिले.  उरलेली पोळी तिनं सावकाश खाल्ली, टाकली नाही. उठून डबा धुतला, पदरानं पुसला, झाकण नीट लावून माझ्यासमोर ठेवला. मग माझ्या टेबलावरची फाईल उचलली.

"हे आजच टाइप करायचं का, मॅडम?" ती म्हणाली. खोलीत आम्ही दोघीच होतो.